वाय शहरातून एक्स शहरात

केंद्र सरकारनं आपल्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी देशातल्या शहरांच्या तीन इयत्ता पाडल्या आहेत. पन्नास लाखांवर वस्ती असेल तर एक्स, पाच लाखांवर असेल तर वाय आणि उरलेला सगळा भारत झेड. मुंबई एक्स, आमचं कोल्हापूर वाय. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबात महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून एक्सवाल्याला मूळ पगाराच्या ३० टक्के घरभाडं मिळतं आणि वायवाल्याला २० टक्के. म्हणजे सरकारच्या मते कोल्हापुरात राहणं आणि मुंबईत राहणं यात फरक काय तो दहा टक्क्यांचा. हा अंदाज ज्यानं बांधला तो बहुधा सरकारी क्वार्टरमध्ये राहत असावा.

माझा भाचा आणि भाचेसून दोघंही खासगीत, त्यामुळे हा फरक त्यांना स्वतःच्या खिशातून मोजावा लागणार आहे. भाचेसुनेला लोअर परळच्या एका कंपनीतून बोलावणं आलंय. पगार इथल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट. भाचा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटी बघतो. लोअर परळमध्ये लोखंड ओतणारं आता कोणी उरलेलं दिसत नाही, तिथं ओततात ती कॉफी. तेव्हा त्याला नवीन काहीतरी शोधावं लागणार. या सगळ्यावर गेले कित्येक दिवस मंगळवार पेठेत ताईच्या घरी खल चाललाय आणि त्यात मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं जातं. माझी पात्रता एवढीच की ऐंशीच्या दशकात बँकेच्या नोकरीत मी काही वर्षं मुंबईत काढली. त्या काळातली माझी माहिती आज किती उपयोगाची, हे कोणी विचारत नाही. मीही आपणहून सांगत नाही.

भाच्यानं एक एक्सेल शीट केलंय. भाडं, डिपॉझिट, दलाली, वीज, गॅस, रेल्वेचा पास, दूध, कामवाली. डाव्या रकान्यात कोल्हापूर, उजव्या रकान्यात मुंबई. उजवीकडच्या आकड्यांना त्यानं लाल रंग दिलाय, त्यामुळे शीट उघडलं की लॅपटॉपला गोवर आल्यासारखं वाटतं. सगळ्यांत खाली एक ओळ आहे, ‘किरकोळ’. मुंबईचा किरकोळ कोल्हापूरच्या भाड्याएवढा आहे. त्यात काय काय येतं, असं मी विचारलं तर म्हणाला, “ते तिथं गेल्यावर कळंल, मामा.”

डिपॉझिटच्या खाली अकरा महिन्यांच्या कराराची ओळ आहे. ही अकरा महिन्यांची भानगड भाच्याला उलगडत नव्हती. देशाच्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही, म्हणून लोकांनी बाराव्या महिन्याला कात्री लावली. मग १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं, करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी करून नोंदवायचाच असं ठरवलं आणि ती जबाबदारीही घरमालकावर टाकली. कात्रीचं कारण गेलं, कात्री राहिली. आता अकरा महिने झाले की भाडं वाढतं, नाहीतर मालकाचा मुलगा अमेरिकेतून परत यायला निघतो. मुंबईतल्या घरमालकांची मुलं अमेरिकेतून दर अकरा महिन्यांनी निघतात आणि पोचत मात्र कधीच नाहीत, असा माझा अनुभव आहे.

ताईचा मुद्दा दुधाचा. आमच्याकडे संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध फेसासकट प्यायची रीत आहे. ओठांवर पांढरी मिशी आल्याशिवाय ते पचत नाही म्हणतात. “तिकडं पोरांना पिशवीतलं दूध प्यावं लागंल,” असं ताई डोळ्यांत पाणी आणून म्हणाली. पोरं तिशीला आलीत. शिवाय त्या पिशवीत दूध असणार ते आमचंच. जिल्हा दूध संघ १९६३ साली निघाला, आणि आज त्याच संघाच्या ‘गोकुळ’चं म्हशीचं दूध मुंबईत घरोघर जातं. म्हणजे कोल्हापूरच्या म्हशींनी मुंबईचा प्रश्न कधीच सोडवला. त्या स्वतः इथंच राहिल्या, माल तिकडं पाठवला. भाचेसुनेचं तसं चालत नाही, तिची कंपनी आठवड्यातून चार दिवस हापिसात या म्हणते.

दाजींचा मुद्दा अभिमानाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, त्यासाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं होतं. दाजी म्हणाले, “हायकोर्ट मुंबई सोडून आपल्याकडं आलं, आणि तुम्ही निघालाय तिकडं!” यावर कोणाला उत्तर सुचलं नाही. मुद्दा बिनतोड होता असं नव्हे, त्याला उत्तर द्यायला सुरुवात कुठून करायची हेच कळेना.

शेजारच्या काकूंनी पुण्याचं नाव काढलं. कोल्हापुरात कुठल्याही अडचणीवर कोणीतरी पुण्याचं नाव काढतंच. पण नोकरी आहे लोअर परळला. रोज पुण्याहून जाणारेही महाभाग असतात, त्यांना लांबूनच नमस्कार करावा.

मुलाखतीला भाचेसून एकटीच गेली होती, डोंबिवलीत मैत्रिणीकडे उतरली होती. संध्याकाळी सीएसएमटीला गाडी जिथून सुटते तिथंच चढल्यामुळे लेडीज डब्यात तिला चक्क बसायला जागा मिळाली. भायखळ्याला एक बाई चढल्या आणि समोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, “कुठे?” आता कोल्हापुरात हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. दाराबाहेर पाय टाकला की “कुठं निघालाय?” आणि त्याला सविस्तर उत्तर द्यायचं असतं, नाहीतर माणूस शिष्ट ठरतो. “मी आपलं सगळं सांगितलो, मामा,” ती म्हणाली. (आमच्याकडच्या बायका सर्रास ‘आलो, गेलो’ म्हणतात. मुद्रणदोष समजू नये.) “डोंबिवलीला चाललोय, मैत्रीण हाय तिथं, परवा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परत जाणार, मुलाखत बरी झाली.” बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाल्या, “डोंबिवली? मग नको,” आणि पुढच्या बाईंकडे वळून विचारलं, “तुम्ही कुठे?” त्यांना फक्त सीट हवी होती. ठाण्याला उतरणारी बाई सापडली, तिची जागा त्यांनी बोलून ठेवली आणि मोबाइल काढला.

ही गोष्ट ताईनं ‘मुंबईची माणसं कशी बघा’ म्हणून चार घरी सांगितली. भाचेसुनेनं मला वेगळीच सांगितली. म्हणाली, “मामा, मी कोण, कुणाची, लग्नाला किती वर्षं झाली, अजून काही नाही का, हे त्या बाईला काही नको होतं. लई बरं वाटलं.”

हे त्या एक्सेलमध्ये कुठल्या ओळीत घालायचं? आमच्या शहरात भाडं स्वस्त आहे, पण रोज पोटातलं सांगावं लागतं आणि तेही व्याजासकट. रात्री नऊला खोलीचं दार लावलं तर सकाळी चहाच्या वेळी त्याची बातमी झालेली असते. माझं कोल्हापूरवर प्रेम आहे, रंकाळ्यावर एक चक्कर मारल्याशिवाय मला जेवण जात नाही. पण त्या चकरेत मी जेवढा चालतो त्यापेक्षा जास्त वेळ उभा राहून खुलासे देतो, हे कबूल केलं पाहिजे.

मात्र मुंबईतही एकांत फुकट मिळत नाही. मिळणार आहे ते साडेतीनशे फूट कार्पेटचं वन बीएचके. हे साडेतीनशे निदान खरे तरी असतील का, हा निराळा प्रश्न. विकणाऱ्यांना रेरा कायद्यानं कार्पेटचा आकडा सांगणं भाग पाडलं, पण भाड्यानं घर दाखवणारे एजंट अजून हवेतले फूट धरून बोलतात. तर अशा घरात दोन माणसांनी भांडायचं कुठे? मला ही खरी काळजी वाटते. भांडण अर्धवट टाकायला जागा लागते. मंगळवार पेठेत यांचं वाजलं की भाचा गच्चीवर जातो, भाचेसून मागच्या अंगणात कपडे वाळत घालते, मध्ये ताई दोघांनाही वेगवेगळं शहाणपण सांगते आणि जेवायच्या वेळेपर्यंत विषय आपोआप शिळा होतो. वन बीएचकेमध्ये एकानं हॉलमध्ये आणि एकानं बेडरूममध्ये बसून मोबाइल बघायचा, एवढीच सोय. मध्ये पाण्याचा जार. माझ्या ओळखीचं एक जोडपं तर वाद झाला की खाली पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत जाऊन बसतं, आळीपाळीनं. पार्किंगचं भाडं तेवढ्यासाठी परवडतं म्हणतात.

शीटमध्ये आणखी एक ओळ नव्हती, ती मी आग्रहानं घालायला लावली, ‘पाहुणे’. परळ-लोअर परळचा भाग म्हणजे टाटा हॉस्पिटल, केईएम. या जिल्ह्यातलं कोणीही गंभीर आजारी पडलं की शेवटी तिथं जातं, आणि मुंबईत आपलं कोण आहे याची शोधाशोध सुरू होते. आतापर्यंत तुमचा नंबर ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्याकडेही तो येतो. मी मुंबईत होतो तेव्हा माझ्या खोलीत ओळखीचे कमी आणि ओळखीच्यांचे ओळखीचे जास्त झोपलेत. तक्रार नाही. माझ्या आजोबांच्या गाळ्यात तर सगळं गावच झोपायचं.

आजोबा गडहिंग्लज तालुक्यातले. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, भुदरगड या पट्ट्यातून घरटी एक माणूस गिरणीत, असा तो काळ. लालबागला एका गाळ्यात वीस-पंचवीस जण, गोव्याच्या मंडळींची धोबीतलावला ‘कूड’ नावाची सामायिक बिऱ्हाडं होती तसंच काहीसं. दिवसपाळीचे कामाला गेले की रातपाळीचे त्याच अंथरुणावर पडायचे. खानावळवालीच्या डब्यावर जेवण, महिन्याला गावी मनीऑर्डर. आजी गावाकडे शेत, म्हशी आणि सासू सांभाळत राहिली. मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली निघाली आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा तो मोठा संप सुरू झाला. मधल्या सव्वाशे वर्षांत आमच्या बाजूनं किती नवरे असे उठून गेले, त्याची मोजदाद कोणी करावी? भाचेसुनेचं नवं हापीस आहे तेही एका जुन्या गिरणीच्या आवारात. चिमणी तशीच ठेवलीय, म्हणाली. तिच्याखाली सेल्फी काढून तिनं घरच्या ग्रुपवर टाकला होता. ताईनं त्याला अंगठा दाखवला, दाजींनी काहीच नाही.

त्या दिवशी मी दाजींना सहज विचारलं, की आजोबा मुंबईला निघाले तेव्हा, तिकडं भाडं किती, दूध कसलं, बायकोचं इकडं काय होईल, हे कोणी विचारलं असेल का? दाजी म्हणाले, “तेव्हाची गोष्टच वेगळी, पोटासाठी गेले.” बरं, पोटासाठी. मग मी दुसरं विचारलं. ही नोकरी सुनेऐवजी तुमच्या मुलाला लागली असती तर? दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ताई आतून म्हणाली, “तर आत्तापर्यंत पेढे वाटून झाले असते.” दाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती फुटून विरोधी पक्षाला मिळालीय.

खरं अवघडलेपण इथं आहे. मुंबई महाग आहे, यात वाद नाही. पण नोकरी भाच्याला लागली असती तरी मुंबई एवढीच महाग असती, आणि मग सगळ्यांनी मिळून तिला ‘संधी’ म्हटलं असतं. दुधाचा, भाड्याचा, हायकोर्टाचा वाद आम्ही घालतोय तो मोठ्या सोयीचा आहे, कारण ‘बायकोच्या नोकरीमागं नवरा निघाला’ हे वाक्य मंगळवार पेठेत अजून कोणाच्या तोंडात बसलेलं नाही. भाचा तसा भला. त्याला स्वतःला फारसं वाटत नाही, पण तालमीतले मित्र “काय भावा, वहिनीबरोबर चाललास म्हणं?” असं विचारतात तेव्हा तो हसतो आणि घरी येऊन एक्सेलमध्ये आणखी एक ओळ वाढवतो.

मी माझा निकाल दिलाय. जावं. भाच्यानं फाउंड्रीचा राजीनामा लगेच देऊ नये, आधी ठाण्या-अंबरनाथच्या बाजूला कारखान्यांत विचारावं. तोवर शुक्रवारी रात्रीची महालक्ष्मी आहेच, आपले आजोबा-पणजोबा होळी-गणपतीला जसे यायचे तसा हा महिन्यातून दोनदा उलटा जाईल. तिकडं काही बिघडलं तर परत यावं, कोल्हापूर काही एक्स इयत्तेत जायच्या घाईत नाही. दाजींनी यावर ‘बघू’ म्हटलंय. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे निम्मा होकार असतो, उरलेला निम्मा ताईनं परस्पर देऊन टाकलाय.

तेव्हा वाचकांना विनंती. ठाणे ते डोंबिवलीच्या दरम्यान, मध्य रेल्वेवर, स्टेशनपासून खरोखर चालत जाता येईल असं एखादं वन बीएचके कोणाच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवावं. जोडपं शांत आहे, मटण फक्त बुधवारी आणि रविवारी, पाहुणे मात्र येतील. सोसायटीला हे सगळं चालत असेल तरच लिहावं, आणि मालकाचा मुलगा अमेरिकेत नसेल तर फारच उत्तम.