पास झालात? मग पुन्हा बसता येणार नाही

अमेरिकेत डॉक्टरकी करायची तर यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या तीन पायऱ्या चढाव्या लागतात. इकडच्या मेडिकल कॉलेजांच्या कँटीनमध्ये ‘स्टेप वन कधी?’ हा प्रश्न ‘जेवलास का?’च्या सुरात विचारला जातो. अभ्यासाचं या मुलांना काही वाटत नाही, तो त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. खरी दमछाक होते ती नियम वाचताना.

पहिल्या दोन पायऱ्यांची फी प्रत्येकी हजार डॉलरच्या घरात. परीक्षा भारतात बसून द्यायची तर वर अधिभार. घरोघरचे बाबा मोबाईलवर डॉलरचा भाव बघून गुणाकार करतात आणि मग पुन्हा करतात, जणू दुसऱ्या खेपेला आकडा उतरेल. तेवढ्यात एखादे काका आनंदीबाई जोशींचा दाखला देतात. आनंदीबाई १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, हे खरंच. परदेशी पदव्या तपासणारी ईसीएफएमजी आज त्याच गावात आहे, हेही खरं. पण आनंदीबाईंना स्टेप वन नव्हती, हे काकांना कोण सांगणार?

पैसे भरले की तीन महिन्यांची मुदत मिळते. तेवढ्यात परीक्षा घेणाऱ्या प्रोमेट्रिकच्या केंद्रावरची मोकळी तारीख धरायची. आता आजी पंचांग उघडतात आणि धरलेल्या दिवशी नेमकी अमावास्या निघते! परीक्षेला दीड महिन्याहून जास्त अवकाश असेल तर तारीख फुकट बदलून मिळते. पुढे मात्र पैसे पडतात आणि दिवस जवळ येतील तसा आकडा चढतो. अमावास्येला सवलत नाही. तीन महिने पुरले नाहीत तर मुदत एकदाच वाढते, तीही पुन्हा पैसे मोजून.

केंद्रावर पासपोर्टवरचं आणि परीक्षेच्या परमिटवरचं पहिलं नाव व आडनाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. वडिलांचं नाव मध्ये लावायची आपली पद्धत एक वेळ खपते, पण लग्नानंतर बदललेलं आडनाव इथे नडू शकतं. मग खिसे उलटे करा, बाह्या वर सारा, चष्मा काढून दाखवा. दागिन्यांत लग्नाची आणि साखरपुड्याची अंगठी तेवढी चालते. गुरू बळकट व्हावा म्हणून आईने हौसेने घडवून दिलेला पुष्कराज आठ तास लॉकरमध्ये, घड्याळाच्या शेजारी. गुरूची कृपा लॉकरच्या पत्र्यातून आरपार जाते की नाही, यावर नियमावली गप्प आहे.

आपल्याकडे एटीकेटी नावाची दयाळू सोय आहे. राहिलेला विषय पाठीवर टाकून पोरगं पुढच्या वर्गात जातं. तिथे तसं नाही. २०२१पासून प्रत्येक पायरीला चारच संधी. आधी सहा होत्या. बारा महिन्यांत तीनदाच बसता येतं. चौथ्या खेपेला पहिल्या प्रयत्नापासून एक वर्ष आणि शेवटच्यापासून सहा महिने उलटावे लागतात. चारही हुकल्या की सगळ्याच पायऱ्यांचं दार बंद. यातली गंमत अशी, की घाबरून घरीच राहिलेला फक्त फीला मुकतो. धीर करून प्रश्न उघडणारा आणि मध्येच उठून जाणारा एक संधीही गमावतो. पळायचंच असेल तर वेळेवर पळावं, इतपत व्यवहारज्ञान या नियमात आहे.

पण सगळ्यात कडक नियम पास होणाऱ्यांसाठी. एकदा पास झालात की गुण वाढवायला पुन्हा बसता येत नाही. बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेवर वाढलेल्या घराला हे पटणं कठीण. २६ जानेवारी २०२२पासून स्टेप वनचा निकाल नुसता पास-नापास असा लागतो. त्याआधी तीन आकडी गुण मिळत आणि रेसिडेन्सीच्या, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणाच्या, जागा देणारे ते बारकाईने बघत. तेव्हा काठावर पास झालेल्याला तो आकडा जन्मभर वागवावा लागे, तर नापास झालेल्याला पुन्हा बसून भक्कम गुण मिळवता येत. अर्थात आधीचं अपयश निकालपत्रावर राहायचंच. तरी ‘म्हणजे नापास झाला असतास तर बरं होतं?’ असं बाबांनी विचारलं, तर ते अगदीच चूक म्हणता येत नसे.

तिसरी पायरी तर फक्त अमेरिकेतच देता येते. म्हणजे तिकीट आलं, राहणं आलं, व्हिसा आला. आणि व्हिसाच्या मुलाखतीची तारीख बदलायची, तर तिचे नियम पुन्हा वेगळे.