पट्टा निसटला त्याची हकीकत

आइंडहोवन, नेदरलँड्स
५ मे

तीर्थरूप मामा आणि आत्याबाई यांना सुनेचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर मामांनी विचारलं, "गिटार पडली म्हणजे कशी पडली?" आणि आमच्या ह्यांनी "पट्टा निसटला" एवढ्यावर मिटवलं. म्हणून मी सविस्तर लिहिते. मामा, आमची पत्रं तुम्ही चारचौघांत वाचून दाखवता हे मला ठाऊक आहे. याच्यातला मधला एक भाग तेवढा मनातल्या मनात वाचा. कुठला, ते तिथं आलं की सांगते.

२७ एप्रिलला इथल्या राजाचा वाढदिवस असतो. त्या दिवशी लहानथोर सगळे नारिंगी कपडे घालतात, घरातलं जुनंपानं रस्त्यावर मांडून विकतात आणि पोरं वाद्यं घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर चिल्लर जमवतात. तुमचा नातूही डबा पुढं ठेवून उभा राहिला. वाजवत होता बरं का छान. एका आजींनी डब्यात नाणं टाकलं, तसा हा कमरेतून वाकून नमस्कार करायला गेला. संस्कार तुमचेच! सरळ होताना पट्टा सुटला आणि गिटार फरशीवर.

भोवतालची पोरं खिदळली. आपला बहाद्दर त्यांना डचमध्ये दम देतो, "हसू नका! गणपती उंदरावरून पडला तेव्हा चंद्र हसला होता. मग शाप उतरवायला त्याला आमच्या गावी, लिंबागणेशला येऊन तप करावं लागलं." पोरं गप्प झाली. भालचंद्राच्या देवळात पुढच्या वेळी आमच्या नावानं नारळ फोडा.

आता निसटला कसा, ते. विजेच्या गिटारला दोन बटणं असतात, एक बुडाशी आणि एक वरच्या शिंगाशी. पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या चामड्याला भोक असतं, भोकाला छोटी चीर. त्यातून बटण ओढून काढलं की झालं. उभं राहून वाजवताना चार किलोचं धूड पट्टा ताणून धरतं, तोवर चिंता नाही. वाकलं की पट्टा सैल पडतो, चामडं बटणाच्या डोक्याशी सरकतं आणि त्यात अंग वळलं की चिरेतून बाहेर. पट्टा तुटत नाही, मामा, तो नुसते हात वर करतो. नशीब म्हणून ती पाठीवर पडली. या घाटाच्या गिटारचं डोकं मागं कललेलं असतं. त्यावर आपटली असती तर तिची मान मोडली असती, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून ह्यांचीही.

तुमचे चिरंजीव चिपा बनवणाऱ्या यंत्रांवर काम करतात, नॅनोमीटरशिवाय बोलत नाहीत. त्या रात्री जेवण सोडून बटणाचा व्यास मोजत बसले. मग कुलूप मागवलं. त्याचा अर्धा भाग गिटारला स्क्रूनं बसतो, अर्धा पट्ट्याला नटानं. एकात एक सरकवलं की खट्ट! पण जुन्या बटणाचं भोक झिजलेलं, स्क्रू नुसताच गरगर फिरायचा. तेव्हा मीच म्हटलं, गावाकडं दाराच्या बिजागरीचा स्क्रू फिरायला लागला की मामा काय करतात? काडेपेटीची काडी! इथले गिटार दुरुस्त करणारेही तेच करतात म्हणे, फक्त दात कोरायच्या काड्या घेतात. लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठोकायच्या, वाळल्या की वरून कापायच्या, मग स्क्रू घट्ट बसतो. एवढं करून शहाण्या कुलपाचा पट्ट्याकडचा नट वाजवता वाजवता ढिला होतो. तो अधूनमधून पान्यानं आवळावा लागतो. नातू आणि पान्याची सवय, तुम्हीच समजा.

इथून पुढचं मनात वाचा.

गिटारच्या मास्तरांनी फुकटातला उपाय सांगितला. इकडं ग्रोल्श नावाची बिअर मिळते. १८९७ पासून तिच्या बाटलीला तारेच्या कडीचं झाकण असतं आणि झाकणाला जाड तांबडं रबर. पट्टा बटणात अडकवला की वरून ते रबर ताणून चढवायचं, म्हणजे चामडं वर सरकूच शकत नाही. जगभरचे गिटारवाले हेच करतात. आता आपलं घर माळकरी. मी शेजारच्या डच आजोबांना विचारलं, तर ते भरलेल्या बाटल्याच घेऊन दारात हजर. म्हटलं, "आजोबा, आम्हाला वरची रबरं तेवढी हवीत. आतलं तुम्हीच ठेवा." जन्मात असं मागणं त्यांनी ऐकलं नसावं. संध्याकाळी त्यांनी शेजारधर्म म्हणून बाटल्या एकट्यानं रिकाम्या केल्या आणि रबरं आणून दिली. मी ती खळखळ उकळून घेतली, आत्याबाई. देवघराकडं तर फिरकूही दिली नाहीत.

आता मोठ्यानं वाचा.

नातवाचा प्रश्न असा, की सप्ताहात आजोबांच्या गळ्यात नुसत्या दोरीवर वीणा असते, ती कशी पडत नाही? पारगाव घुमऱ्याला एकनाथांच्या पालखीपुढं रिंगणात वीणेकरी तर पळतात! ह्यांनी कागदावर बाण काढून समजावलं. वीणेकऱ्याचा एक हात कायम वीणेवर असतो. गिटारवाल्याचे दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले, डावा मानेवर आणि उजवा तारांवर, त्यामुळं सगळा भार एकट्या पट्ट्यावर. मी म्हटलं, बाण राहू द्या. पहारा बदलताना दुसऱ्याच्या गळ्यात वीणा पडल्याशिवाय पहिला हात काढत नाही, सात दिवस वीणा खाली टेकत नाही, हे का त्या दोरीचं कसब आहे? तेव्हापासून घरात नियम केलाय. नमस्कार जरूर करायचा, पण आधी डाव्या हातानं गिटारची मान धरायची. कुलूप आहे, रबर आहे, तरीही.

भजनी मंडळाच्या पेटीचा पट्टा खुंटीवरून सटकतो, असं मामा तुम्ही म्हणाला होतात. त्यासाठी जास्तीची दोन रबरं या पाकिटात घातली आहेत. कुणी विचारलंच तर 'परदेशी वायसर' म्हणून सांगा, खोटं काहीच नाही त्यात.

येणाऱ्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवा. सीताफळं निघाली की फोटो तरी पाठवा.

आपली,
सौ. सूनबाई

ता. क. : शेजारचे आजोबा दोनदा विचारून गेले, लिंबागणेशला अजून रबरं लागणार आहेत का. कितीही लागू देत, त्यांची तयारी आहे म्हणे.