निळी की पिवळी?

तुमच्याही गल्लीत ते असणारच. रविवारी सकाळी बनियनवर, जुन्या चेतकचं पॅनेल काढून उकिडवे बसलेले, येणाऱ्याजाणाऱ्याला अडवणारे. आमच्या पंचवटीत ते काका आहेत. नमस्कार-चमत्कार नाही, थेट हुकूम: "अहो, जरा वाका. मी किक मारतो, तुम्ही बघा. निळी की पिवळी?"

म्हणजे ठिणगी. प्लग काढायचा, परत कॅपमध्ये खोचायचा, इंजिनाला टेकवायचा आणि किक. निळी, कडक ठिणगी पडली तर करंट ठीक, दोष पेट्रोलकडे. पिवळी, मरतुकडी पडली तर पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइल. उन्हात ठिणगी दिसत नाही, म्हणून तुमचीच भाजीची पिशवी आडोशाला धरायची. रामकुंडावरून ओलेत्याने परतणारे गुरुजीही यातून सुटलेले नाहीत.

पुढे पुढे सगळं जगच काका या दोन रंगांत मोजू लागले. भाच्याला नोकरी लागली: "निळी." नगरसेवकाचं भाषण झालं: "पिवळी. दिसते, पण पेट घेत नाही." शेजारच्या पोराने 2020 नंतरची विजेवरची चेतक आणली, तेव्हा त्यांनी तिला दोन प्रदक्षिणा घातल्या, प्लग कुठे आहे विचारलं आणि नाही म्हटल्यावर तिला चेतक म्हणायचंच सोडलं.

खरी चेतक त्यांची. आकुर्डीची, सहा व्होल्टची, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. हेडलाइट इंजिनाच्या करंटवर. रेस दिली की झगझगीत, रविवार कारंजावर थांबली की निरांजन. राणा प्रतापांच्या चेतकाने जखमी पायाने ओढा ओलांडला म्हणतात. हिला मायको सर्कल ओलांडवेना. घरून गार इंजिनावर पहिल्या किकला सुरू, त्र्यंबक रोडला लागेपर्यंत तापलं की भक्क. काकांना मात्र यात संकेत दिसायचा: प्लग मायकोचा, म्हणून माहेरी थांबते! मायकोच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेलचे नोझल होतात, प्लग नव्हे, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

तर मायको सर्कलला काका कुणालातरी अडवणार. तो सातपूरच्या शिफ्टला निघालेला. वाकल्यासारखं करायचा, "निळी, निळी!" म्हणायचा आणि सटकायचा. निळी म्हणजे करंट ठीक. मग काकांनी कार्ब्युरेटर उघडला, जेट फुंकला, पेट्रोलचा कॉक बदलला, टाकी धुतली. स्कूटर पुन्हा तिथेच बंद.

मागच्या हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा उलगडा झाला. पिकलेल्या भिंगातून त्यांना सगळं पिवळटच दिसायचं; म्हणूनच दुसऱ्याचे डोळे उसने घेणं चाललं होतं. पट्टी निघाल्यावर महिन्याभराने ते मायको सर्कलला स्वतः वाकले. ठिणगी पिवळीधमक. कंडेन्सर तापला की दम टाकत होता. कंडेन्सर बदलला, जळके पॉइंट घासले आणि चेतक थेट त्र्यंबकेश्वरला जाऊन आली.

मान्य करायला जड जातं, पण पावसाळ्यात रात्री अकराला कुणाची गाडी बंद पडली तर गल्लीतून छत्री आणि प्लगपाना घेऊन उतरणारा हा एकच माणूस. पैसे घेत नाहीत. चहासुद्धा घरी जाऊन पितात. बाकीचे आम्ही खिडकीतून हेल्पलाइनचा नंबर सांगतो.

परवा त्यांनी मला पुन्हा वाकवलं. म्हटलं, "काका, आता तर तुम्हाला स्वच्छ दिसतं ना?"

"मला दिसतं हो," किकवर पाय ठेवत ते म्हणाले, "तुम्ही काय सांगता ते बघायचंय."