ताण देणारे आप्पा

काही माणसांना वाकडी वस्तू बघवत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरचे आप्पा त्यातले. उभी नोकरी वीज मंडळात खांब रोवण्यात आणि तारांचा झोळ काढण्यात गेली. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतातच. भिंतीवरचं कॅलेंडर, जिन्यातल्या चपला, दुसऱ्याची स्कूटर, जाता जाता सगळं ओळंब्यात आणतात. अशा माणसाला लेकीने एकसष्टीला ऑर्किडची कुंडी द्यावी, आणि तीही फॅलेनॉप्सिसची, जिच्या फुलांच्या दांड्याला काडीचा आधार लागतो, म्हणजे आयतं काम हातात दिल्यासारखंच झालं.

पहिला बहर नर्सरीवाल्याचा असतो. काडी, चिमटे, कमान, सगळं बांधूनच येतं. अडीच-तीन महिने फुलं टिकतात, माणूस उगाच छाती काढून फिरतो. खरी परीक्षा दुसऱ्या बहराची. रात्री गारवा लागला की फुलांचा नवा दांडा, म्हणजे स्पाइक, धरतो, हे कळल्यापासून पुण्याच्या थंडीत आप्पांच्या बैठकीची खिडकी रात्रभर सताड उघडी. त्यांच्या पत्नी माई कानटोपी घालून मालिका बघत.

आणि एका सकाळी पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक डोकावलं. आता हे मूळ की स्पाइक? मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत. स्पाइकचं जरा चपटं, एका बाजूला खाच असलेलं. आप्पा भिंग घेऊन रोज तपासणी करत. निकाल लागला तेव्हा जिन्यातून ओरडले, "मूळ नव्हे, स्पाइक आहे!" पेढे वाटायचे तेवढे राहिले.

त्या दिवसापासून घराचा कारभार स्पाइकच्या हाती गेला. तो उजेडाकडे झुकत वाढतो. मध्येच कुंडी फिरवली तर कळ्या माना वळवतात आणि फुलं दहा दिशांना तोंडं करून बसतात. म्हणून आप्पांनी कुंडीवर मार्करने बाण काढला, टोक खिडकीकडे. मावशी फरशी पुसायला आल्या की आप्पा स्टूल घेऊन कुंडीशेजारी पहाऱ्याला. मावशींनी एकदा विचारलं, "वास्तुशास्त्राचं आहे का काही?" आप्पांनी उत्तर दिलं नाही, पण बाण आणखी ठळक केला.

मग आधार. बाजारात प्लास्टिकच्या काड्या मिळतात, पण आप्पा विकतचं साहित्य हलकं मानतात. जुन्या छत्रीची काडी, सायकलचा स्पोक, माईंची विणकामाची सुई (अर्धा स्वेटर तिच्यावर होता), सगळ्यांची चाचणी झाली. निवड सुईची झाली. स्वेटरला बाही आजतागायत एकच आहे. सुई बुंध्यालगत, मुळं चुकवत, नारळाच्या सोडणांतून हळूच खाली घातली आणि नातीच्या केसांचा क्लच लावला.

इथपर्यंत ठीक होतं. जाणकार सांगतात की पहिल्या कळीच्या खाली बांधा, वाढतं टोक मोकळं ठेवा, पुढचा दांडा फुलांच्या वजनाने आपोआप कमानीत वाकतो आणि दोन्ही बाजूंनी फुलं नीट मांडली जातात. आप्पांच्या कानाला एवढाच शब्द टोचला: वाकतो. "माझ्या घरात झोळ चालणार नाही," म्हणाले, आणि टोकापर्यंत ताण द्यायला घेतला. तेही सकाळी, पोटभर पाणी घातल्यावर. पाणी प्यायलेला दांडा कडक असतो. आदल्या दिवसापासून पाणी तोडून दुपारनंतर हलक्या हाताने वळवला तर ऐकतो. हा नाही ऐकला. कट् असा आवाज मला खाली ऐकू आला असं मी सांगतो, तो अतिशयोक्तीचा भाग सोडून द्या.

दोन दिवस त्या घरात फोडणी पडली नाही. पण फॅलेनॉप्सिस मोठ्या मनाचं झाड. दांडा मोडला तरी खालच्या पेराला कधी कधी नवी फांदी फुटते. इथे फुटली. आप्पांनी लगेच पवित्रा बदलला. "छाटणी केली होती मुद्दाम. शेंडा खुडला की फांद्या धरतात." माईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झालीत.

ही फांदी फुलायला आली ती ऐन हापूसच्या दिवसांत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कळ्या पिवळ्या पडून गळतात. त्यामुळे आप्पांच्या घरात आंब्याला प्रवेश बंद झाला आणि पेटी पिकायला आमच्याकडे आली. फार भरवशाने नव्हे. प्रत्येक आंबा मोजून दिला होता.

फुलं उमलली आणि पाहुण्यांना बोलावणी गेली. टीव्ही कोपऱ्यात, कुंडी मध्यावर, वर खास दिवा. खुर्ची एकच, कारण फुलं समोरून दिसतात ती एकाच कोनातून. बसलं की व्याख्यान सुरू: 1825 साली ब्लूमसाहेबाने हे नाव दिलं, यातल्या पांढऱ्या जातीला इंडोनेशियात राष्ट्रीय फुलाचा मान आहे, वगैरे. एका साडूंनी सगळं ऐकून घेतलं, पाकळी चिमटीत धरली आणि विचारलं, "प्लास्टिकचं छान मिळतं हल्ली, नाही?" त्या साडूंना त्या दिवशी चहा मिळाला, पण बिनसाखरेचा.

यंदा मात्र आप्पांना शेरास सव्वाशेर भेटला. नर्सरीतून त्यांनी सीतेची वेणी आणली. आपल्या सह्याद्रीतली आमरी, म्हणजे ऑर्किडच. हीच आसामात कोपौ, बिहू नाचणाऱ्या मुलींच्या अंबाड्यावर मिरवणारी. मे महिन्यात पानांतून तुरा निघाला आणि वळला तो थेट जमिनीकडे. आप्पांनी सुई लावली, तो सुईला वळसा घालून खाली. स्पोक लावला, तेच. शेवटी नर्सरीतल्या बाईंना फोन गेला. त्या हसल्या. "काका, ती लोंबतीच असते. टांगा आणि गप्प बसा."

टांगायला घरात कडी एकच होती, माईंच्या झोपाळ्याची. झोपाळा आता पलंगाखाली आहे. गुलाबी ठिपक्यांचा तुरा बरोबर मधोमध लोंबतो, आणि त्याचं खरं रूप खालूनच दिसतं असा आप्पांचा शोध आहे. काल मी गेलो तर खाली सतरंजी अंथरलेली, उशी ठेवलेली. "आडवे व्हा," आप्पा म्हणाले, "डोकं खिडकीकडे. बाण काढलाय."

मी आडवा झालो. आतून माईंचा आवाज आला, "चहा झोपूनच घेणार, की उठवू?"