बोहारीण आणि अठ्ठाविसावा आठवडा

लहानपणी वाड्यात बोहारीण आली की आईचा आवाज बदलायचा. एरवी मऊ बोलणारी बाई एकदम वकील व्हायची. समोर तीन साड्या, बाबांच्या दोन पँटी आणि मी सकाळपासून शोधत असलेला माझा शर्ट. बोहारीण साडी उजेडात धरून विरलेली जागा दाखवायची, आई पातेलं बोटाने वाजवून पत्रा पातळ असल्याचं सिद्ध करायची. अर्ध्या तासाने दोघी ओट्यावर बसून चहा प्यायच्या. हा सगळा प्रकार मला तेव्हा फार मागासलेला वाटायचा. आता माझ्याकडे गोव्यातला एक आठवडा आहे. तो देऊन दुसरा कुठला तरी आठवडा घ्यायचा असला की मी रात्री अकराला संगणकासमोर एकटा बसतो. तिथे पत्रा वाजवून बघता येत नाही.

आठवडा आहे म्हणजे रजा मंजूर झाली असं नव्हे. तो माझ्या मालकीचा आहे. एका मॉलमध्ये लाल गाडी उभी होती आणि तिच्याशेजारी कुपनं टाकायची पेटी. आठ दिवसांनी फोन आला, "अभिनंदन सर! फक्त मॅडमना बरोबर आणा." ही अट कशाला, ते त्यांच्या हॉलमध्ये गेल्यावर कळलं. दोघं एकत्र असली की 'घरी विचारून सांगतो' ही पळवाट बुजते. दीड तासाची माहिती साडेतीन तास चालली. मधूनमधून कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी सही करायचं आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. आम्ही भुकेपोटी सही केली असं माझं मत आहे. मी टाळ्यांसाठी केली, असं बायकोचं.

मिळालं काय, तर पंचवीस वर्षं, दर वर्षीचा अठ्ठाविसावा आठवडा. या धंद्यात वर्षाचे बावन्न तुकडे करून त्यांना नंबर देतात. अठ्ठाविसावा म्हणजे ऐन जुलै, हे घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवल्यावर कळलं. जुलैत गोव्याच्या किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवलेले असतात, समुद्राशी लाल बावटे असतात आणि वाळवलेला टॉवेल संध्याकाळपर्यंत पुन्हा ओला होतो. आई म्हणाली, "आषाढीच्या आगेमागे लोक पंढरपूरला जातात रे. गोव्याला कोण जातं?"

खरं तर ही कल्पना आपल्याला नवी नाही. कोकणात विहिरीचं पाणी पाळीने घेतात, भावाभावांत गणपती पाळीने फिरतो. फक्त गणपतीच्या पाळीबद्दल आमच्या चुलतकाकांनी कधी वार्षिक देखभाल खर्च मागितलेला नाही.

विक्रेत्याकडे मात्र जुलैवरही औषध होतं. "सर, जायचं कशाला? एक्स्चेंज करा!"

हे औषध अमेरिकेतलं. सुट्टीतलं घर आठवड्या-आठवड्याने विकायची पद्धत १९६० च्या दशकात युरोपात, आल्प्सच्या बाजूला सुरू झाली आणि तिथून अमेरिकेत गेली. तिथे लोकांच्या लक्षात आलं, की दर वर्षी त्याच खोलीत जाऊन तोच पडदा बघायचा कंटाळा येतो. मग १९७४ साली इंडियानापोलिसमध्ये जॉन आणि क्रिस्टेल डीहान या दांपत्याने आठवड्यांची अदलाबदल करून देणारी आरसीआय काढली. दोन वर्षांनी इंटरव्हल इंटरनॅशनल आली. आमचा आठवडा ज्यांच्याकडे जातो ते या दोघांपैकी नव्हेत, आणि त्यांचं नाव मी सांगणार नाही. अजून काही वर्षं संसार करायचा आहे.

अदलाबदल म्हणजे माझा आठवडा तुला, तुझा मला, असं मी समजत होतो. तसं नसतं. आपला आठवडा एका मोठ्या हौदात जमा करायचा. मग जागा कुठली, हंगाम कोणता, खोली केवढी आणि किती महिने आधी जमा केला, हे बघून त्याला पॉइंट मिळतात. त्या पॉइंटांत हौदातलं दुसरं काहीतरी उचलायचं. वर अदलाबदलीची फी वेगळी. आमच्या जुलैला नऊ पॉइंट पडले. बायकोला मे महिन्यातलं स्वित्झर्लंड हवं होतं. ते चौतीस. आईला हे एका वाक्यात कळलं. "तुझी साडी विरलेली आहे. तिला कढई कशी मिळेल? वाटी घे."

मला चैन पडेना ती निराळ्याच गोष्टीने. आमच्या पलंगावर जुलैत झोपणार कोण? आई म्हणाली, "बोहारीण साड्या पुढे कुणाला विकते, ते आपण कधी विचारलं?"

वाटी म्हणून स्पेन मिळालं. दक्षिण किनाऱ्यावरचं फुएंगिरोला, जानेवारी, शनिवार ते शनिवार, आठ पॉइंट. उरलेला एक पॉइंट खात्यावर राहिला. वाणी सुट्टे नाहीत म्हणून गोळी हातावर ठेवतो, तसा. राहणं फुकट. मग विमानाची तिकिटं, व्हिसा, विमा, दोन जाड जाकिटं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

घर सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. गच्चीतून समुद्र दिसायचा, फक्त गच्चीत वाऱ्याने उभं राहवत नव्हतं. स्वयंपाकघरात सगळं चार-चार मोजून ठेवलेलं आणि दाराच्या आत त्याची यादी चिकटवलेली: ताटल्या चार, काटे चार, वाइनचे ग्लास चार, बुचं काढायचं यंत्र एक. सांडशी नाही, लाटणं नाही. बायकोने पहिल्याच संध्याकाळी दुकानातून वाइनची बाटली आणली. मी हरखलो. तिने ती धुतली, पुसली आणि न उघडता त्याच बाटलीने पोळ्या लाटल्या. आठवडाभर ती बाटली पीठ माखून ओट्यावर आडवी होती. मला शेवटच्या रात्री मिळाली.

शेजारी लीड्सकडचे एक निवृत्त आजोबा-आजी होते. ऐंशीच्या दशकात याच किनाऱ्यावर त्यांना कुणीतरी रस्त्यात गाठून स्क्रॅच कार्ड दिलं होतं. ते खरवडलं, बक्षीस निघालं, पुढचं आम्हाला ठाऊक होतं. त्यांच्यासारख्या लोकांमुळे युरोपला १९९४ साली कायदा करावा लागला, की सही केल्यावर दहा दिवसांत विचार बदलता येईल. पुढे त्याचे चौदा झाले. आजोबांची सही त्याच्या कितीतरी आधीची. पण आता ते या हौदातले पट्टीचे पोहणारे होते. कुठला आठवडा दोन वर्षं आधी टाकायचा, कुठला शेवटच्या क्षणी स्वस्तात उचलायचा, सगळं त्यांच्या वहीत. त्या वहीच्या कडा आमच्या आईच्या जमाखर्चाच्या वहीसारख्याच वळलेल्या होत्या.

आजोबांनी विचारलं, "तुमचा स्वतःचा आठवडा कुठला?"

"गोवा," मी म्हणालो आणि थांबलो.

आजी खुर्चीत पुढे सरकल्या. गोवा त्यांच्या मनात कधीपासून होतं. डिसेंबर फार महाग पडतो म्हणे. दुसरा एखादा बरा महिना असेल का?

मी तोंड उघडायच्या आत बायको बोलली. त्या हॉलमधल्या टेबलावर ऐकला होता, तोच मधाळ आवाज.

"जुलै," ती म्हणाली. "अगदी हिरवंगार. आणि किनाऱ्यावर अजिबात गर्दी नसते."

आजींनी वही ओढून घेतली आणि चष्मा लावला.