गच्चीवरचे बागायतदार

प्रत्येक सोसायटीत एक तरी गच्चीवरचा बागायतदार असतो. बँकेतून, विमा कंपनीतून नाहीतर झेडपीतून निवृत्त झालेला. नोकरीत असेपर्यंत त्याने टेबलावरच्या मनी प्लँटलाही कधी घोटभर पाणी घातलेलं नसतं. पण निवृत्तीच्या दिवशी त्याच्या अंगात शेतकरी संचारतो. निरोपसमारंभात मिळालेला नारळ तो फोडत नाही, मातीत पुरतो. सोललेला नारळ सहसा उगवत नाही हे त्याला यथावकाश कळतं, पण तोवर चार पोती माती गच्चीवर जाऊन पोचलेली असते.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले अप्पा या जातीचे शिरोमणी. रंगाचा डबा, थर्माकोलचं खोकं, गळकी बादली यांतलं काहीही त्यांच्या राज्यात रिकामं राहत नाही. रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं पोत्यातून जिना चढतात. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या जीवामृताचं प्रमाण 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन असं. अप्पा 20 लिटरच्या बादलीत सगळं एक दशांश करतात. बँकेतल्या माणसाचा हिशोब चुकत नाही. चुकतो तो काकूंचा. ऐन पावसात भजी करायला डबा उघडावा, तर बेसन वर गेलेलं.

एवढ्या खटाटोपात पीक किती? आठवड्याला चार वांगी, मूठभर मिरच्या आणि रग्गड कढीपत्ता. पण बागेला बघणारे लागतात, आणि श्रावणात ते आपल्या पायांनी येतात.

मंगळवारी भाचीची मंगळागौर. सोळा प्रकारची पत्री हवी होती. ती मंडईतून आणायचं ठरत होतं, तेवढ्यात अप्पा कडाडले, "मामा जिवंत असताना पत्री विकत?" आघाडा, दूर्वा, तुळस, जाई करत तेरापर्यंत गाडी नीट गेली. उरलेल्या तीन जागा गवती चहा, अळू आणि पुदिन्याने भरून काढल्या. गुरुजींनी पुदिना हुंगला, अप्पांकडे एकदा पाहिलं आणि मंत्र पुढे चालू ठेवला.

गुरुवारी ब्रह्मकमळ फुलायचं होतं. निरोप गेले, "रात्री नऊला या, जेवूनच या." काकूंचा शेवटच्या दोन शब्दांवर जोर. साडेदहापर्यंत सगळे डास मारत कळीकडे बघत बसले. "मामा, खरं ब्रह्मकमळ हिमालयात असतं. हे निवडुंगाच्या कुळातलं," भाचा मोबाईलमधून वाचू लागला. "मग जा हिमालयात," अप्पा म्हणाले, "तिथे मसाला दूध मिळतं का बघ." अकराला फूल पुरतं उमललं. सगळ्यांचे फोटो काढून झाले, अप्पांचा तेवढा राहिला. ते फुलावर टॉर्च धरून उभे होते.

शनिवारी राखी. डोंबिवलीहून बहीण आली. चपला काढायच्या आत तिला वर नेलं. जास्वंदीच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला, तसे अप्पा खाली बसले. "पिठ्या ढेकूण!" जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक पेर दात घासावेत तसं घासू लागले. बहीण डोक्यावर छत्री धरून उभी. खाली चहावर साय आली. "अप्पा, राखी बांधू का या टूथब्रशला?" असं तिने विचारलं, तेव्हा कुठे ते उठले. ओवाळणीत पाकीट मिळालं आणि वर गुलाबाची कुंडी. ती मांडीवर घेऊन बाई गाडीने गेल्या.

कारण अप्पांच्या घरून रिकाम्या हाताने कोणी जात नाही. खरी गंमत तिथून पुढे. रोप दिलं की अप्पा त्या घराचे कायमचे पालक. फोन केला, तर माणसांची तब्येत शेवटी, आधी मोगऱ्याची. मग एखाद्या रविवारी तपासणी. नातेवाइकांच्या बाल्कनीत त्या आठवड्यात धावपळ उडते. वाळलेल्या काटक्या जिन्याखाली जातात.

या रविवारी चुलत वहिनींकडे पाळी होती. त्यांचा मोगरा मेमध्येच गेला होता. पण अप्पा पोचले तेव्हा कुंडीत हिरवागार मोगरा, वर दोन कळ्या. अप्पा खाली वाकले, माती दाबली, पान उलटं करून पाहिलं. "वा! माझ्या हाताला गुणच आहे," असं म्हणून त्यांनी दोनदा साबुदाणा वडे मागून घेतले.

परतताना रिक्षात काकू हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला कळलं नाही का? कुंडीतून नर्सरीची काळी पिशवी डोकावत होती."

"पिशवीसकट लावलंय. आठवड्यात मरेल," अप्पा म्हणाले. "पण माझं मन राखायला नर्सरीपर्यंत गेली ना ती? पुढच्या खेपेला तिला दोन रोपं देतो."