ऑइल कुठलं टाकता?

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने ३९० ड्यूक बाइक घेतली की लोक आधी गाडीकडे बघतात, मग त्याच्या पोटाकडे, आणि मग विचारतात, "ऑइल कुठलं टाकता?" मायलेज विचारण्यात अर्थ नसतो, कारण उत्तर ऐकून विचारणाऱ्यालाच वाईट वाटतं. किंमत विचारणं बरं दिसत नाही. राहता राहिलं ऑइल. त्यावर बोलायला स्वतःची गाडी असावी लागत नाही, चालवता यावी लागत नाही, आणि पुण्यात तर विषय ठाऊक असण्याचीही अट नाही.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा प्रश्न जन्मात कुणी विचारला नाही. त्यांची चेतक होती, टू-स्ट्रोक स्कूटर. पंपावर "दोन लिटर, ऑइल घालून" एवढं म्हटलं की तिथला पोऱ्या लिटरमागे वीस मिलिलिटरच्या हिशेबाने टू-टी ऑइल मापात घेऊन टाकीत ओतायचा. ते ऑइल पेट्रोलबरोबर जळायचं आणि धूर होऊन मागच्या सायकलवाल्याच्या नाकात जायचं. कंपनी कुठली? ज्याचा पंप, त्याची. ग्रेड कुठला? पोऱ्याच्या हाताला लागेल तो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल येतं आणि जातं. फोर-स्ट्रोकमध्ये ते मुक्कामाला राहतं, आणि मुक्कामाला राहणाऱ्याचे नखरे सांभाळावे लागतात.

त्यातून मोटरसायकलचं आणखी अवघड. मोटारीत इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं. बाइकमध्ये बहुतेक वेळा तेच एक ऑइल पिस्टनला पुरवायचं, गिअरच्या दात्यांत चेंगरून घ्यायचं आणि क्लचच्या प्लेटांनाही त्यातच बुडवून ठेवायचं. पिस्टनला हवा निसरडेपणा, क्लचला हवी पकड. मोटारीच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी जादा रसायनं असतात. त्याने चार थेंब पेट्रोल वाचतं, पण बाइकचा क्लच घसरतो. माझ्या भाच्याच्या एका मित्राने परदेशी म्हणून मोटारीचं महागडं ५डब्ल्यू-३० बाइकमध्ये ओतलं आणि कात्रजचा घाट चढायला घेतला. आवाज साताऱ्याला पोचला, गाडी होती तिथेच.

याच भानगडीसाठी जपानी मंडळींनी १९९०च्या दशकाच्या शेवटी 'जासो' नावाचं मानक काढलं. ओल्या क्लचच्या बाइकला एमए, बेल्टवर चालणाऱ्या स्कूटरला एमबी, आणि एमएमध्ये जास्त पकड देणारं ते एमए-२. बाटलीच्या पुढच्या बाजूला आगीच्या ज्वाळा, वाकलेला रेसर आणि चेकर्ड फ्लॅग असतो. ही माहिती मागच्या बाजूला, चष्मा लावूनही वाचता येणार नाही अशा अक्षरात असते.

मी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा कुठलाही सुटा भाग नाना पेठेत मिळतो, फक्त मागता आला पाहिजे. काउंटरमागे तळापासून माळ्यापर्यंत बाटल्या: लाल, सोनेरी, काळ्या, हिरव्या. दुकानदार काकांनी पेपरातून मान वर केली नाही.

"काका, सिंथेटिक ऑइल पाहिजे."

"कुठलं?"

"तुम्हीच सांगा, चांगलं कुठलं?"

"वाईट मी ठेवत नाही. गाडी कुठली?"

"ड्यूक. तीनशे नव्वद."

"किती वर्षं झाली?"

"मला?"

"गाडीला. तुमची दिसतायत."

मग त्यांनी पेपराची घडी घातली आणि मला ग्रेड विचारला. मी म्हणालो, भाचा ५डब्ल्यू म्हणतो, शेजारचे काका २०डब्ल्यू-४० म्हणतात. "मग दोन गाड्या घ्या," असं सांगून त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

भाच्याचं म्हणणं असं की डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल उच्च. शेजारच्या काकांचं म्हणणं असं की त्यांनी नोकरीभर सरकारी जीपमध्ये २०डब्ल्यू-४० घातलं आणि जीप अजून चालते. जीप लिलावात निघाली तेव्हा ती दोरीने ओढून नेली, हे काकूंनी नंतर हळूच सांगितलं.

तर हा डब्ल्यू हिवाळ्याचा. इंजिन थंडीत फिरू शकेल इतपत ऑइल पातळ राहतं का, याची परीक्षा २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांवर होते, १५डब्ल्यूसाठी उणे २०वर, १०डब्ल्यूसाठी उणे २५वर आणि भाच्याच्या लाडक्या ५डब्ल्यूसाठी उणे ३०वर. घरातला फ्रीझर साधारण उणे १८वर असतो. म्हणजे भाच्याच्या हट्टाचं चीज व्हायचं तर गाडी फ्रीझरमध्ये लावायला हवी, आणि तिथेही १५डब्ल्यूने भागेल. पुण्यात पारा दहाच्या खाली गेला की 'पुणे गारठले' अशी बातमी येते आणि आम्ही कानटोप्या घालून ती वाचतो. तरी पोरगं अगदीच वाऱ्यावर बोलत नव्हतं. सकाळी पहिल्यांदा स्टार्टर मारला की ऑइल वरच्या भागांपर्यंत पोचेस्तोवरचे क्षण इंजिनाला झिजवतात, आणि लहान आकड्याचं ऑइल तिथे जरा लवकर पोचतं. फक्त सायलेन्सरमधून 'मामा, मी पोचलो' असा निरोप येत नाही.

दुसरा आकडा १०० अंशांवरचा. चाळीस म्हणजे त्या तापमानाला घट्टपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, पन्नास म्हणजे १६.३ ते २१.९. मोठा आकडा म्हणजे तापल्यावर जास्त दाट, बस. पण आपल्याकडे आकडा मोठा दिसला की तो टक्क्यांसारखा वाचतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका गृहस्थांनी मला "माझं चाळीस आहे, तुमचं पन्नास म्हणजे मानलं" म्हणून शेकहँड केला होता.

आता 'सिंथेटिक' या शब्दाचं राजकारण. बेस ऑइलचे पाच गट असतात. पहिले तीन जमिनीतून निघालेल्या कच्च्या तेलापासून, उत्तरोत्तर जास्त शुद्ध केलेले. चौथा गट पीएओचा, म्हणजे लहान रेणू जोडून कारखान्यात घडवलेला. उरलेले सगळे पाचव्यात, आणि एस्टर त्यांतलेच. पूर्वी सिंथेटिक म्हटलं की चौथा-पाचवा गट, असं सगळे समजून चालत. मग तिसऱ्या गटाने तेच नाव लावायला सुरुवात केली. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक मंडळाकडे तक्रार नेली: हे खनिज तेलच आहे, नुसती धुलाई जास्त झालीय, याला सिंथेटिक कसं म्हणता? १९९९ साली निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तिसऱ्या गटातली रेणूंची मोडतोड आणि फेररचना एवढी आहे की नाव त्यांनाही लावता येईल, असा त्याचा अर्थ. गट कुणाचा, नाव कुणाचं, मूळचे आपण की ते, हा तंटा महाराष्ट्रातल्या वाचकाला जास्त समजावून सांगावा लागू नये. अमेरिकेत तो वर्षानुवर्षं लांबला नाही, एवढाच फरक. जर्मनी याबाबत कडक आहे, तिथे 'पूर्ण सिंथेटिक' हा शब्द तिसऱ्या गटाला मिळत नाही. आपल्या बाटलीवर मात्र 'फुल्ली सिंथेटिक' लिहिलेलं असलं, तरी आत कुठला गट नांदतोय ते बहुधा लिहिलेलं नसतं.

या सगळ्यात वरची पायरी एस्टरची. मोतूलच्या ३००व्हीचं नाव तर शर्यतींतल्या तीनशे विजयांवरून ठेवलेलं. लिटरमागची किंमत ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात घाण्याचं शेंगदाण्याचं तेल येईल डबाभर. त्यात निदान भजी तरी तळता येतात." मग मी तिला एस्टरची थोरवी सांगायला बसलो आणि तिथेच फसलो, कारण हा सगळा महिमा जाऊन पोचतो एरंडेलापर्यंत.

खोटं नाही. चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीने १९०९ साली एरंडेल मिसळलेलं इंजिन ऑइल काढलं आणि त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या गरगर फिरणाऱ्या रोटरी इंजिनांत निव्वळ एरंडेल घालत. ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही आणि तापल्या धातूला चिकटून राहतं. त्या इंजिनांत ऑइल परत यायची सोय नव्हती, ते बाहेर फेकलं जायचं, थेट वैमानिकाच्या तोंडावर. बिचारा तासन् तास एरंडेलाचा धूर गिळत शत्रूवर गोळ्या झाडायचा. त्याच्या पोटाचं काय व्हायचं, हे दर महिन्याला सक्तीने एरंडेल प्यायलेल्या माझ्या पिढीला वेगळं सांगायला नको. शत्रूने पाठलाग केल्यावर तो घाईने तळावर परतला, तर त्याला कुणी भित्रा म्हणू नये.

रसायनशास्त्रात बघितलं तर एरंडेल हेही एस्टरच, झाडाने केलेलं. धातूला चिकटून राहायचा त्याचा गुण अस्सल, पण तापून तापून त्याचा डिंक होतो आणि इंजिन आतून चिकचिकतं. कारखान्यातल्या एस्टरने गुण ठेवला आणि डिंक टाळला. आज प्रवासी जेट विमानांच्या इंजिनांत एस्टरचंच ऑइल फिरतं. हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. सौ. शांतपणे म्हणाली, "कपाटात एरंडेलाची बाटली आहे. अर्धी गाडीत टाका, अर्धी तुम्ही घ्या. आणि आधी स्वतःच्या गुडघ्यातलं वंगण तपासून या."

शेवटी मिस्त्रींकडे गेलो. आमचे मिस्त्री ऑइलवर भाषण करत नाहीत. त्यांनी इंजिन जरा गरम केलं, खाली घमेलं सरकवलं आणि ड्रेन बोल्ट सोडला. काळंभोर ऑइल धारेने पडलं. माझा चेहरा पडलेला बघून म्हणाले, "काळं झालं म्हणजे काम केलं, साहेब. काजळी पोटात घेतं ते. पांढरं राहिलं असतं तर मी घाबरलो असतो." मग बोल्टच्या चुंबकाला चिकटलेला करडा लेप बोटावर घेऊन त्यांनी अंगठ्याने चोळला, उजेडात धरला. पिठासारखा मऊ होता, म्हणजे ठीक. कण टोचले असते तर गोष्ट वेगळी. फिल्टर बदलला, बोल्टला नवा वायसर घातला, ऑइल ओतलं. रिकाम्या बाटलीत त्यांनी स्क्रूड्रायव्हर आरपार खुपसला. मी दचकलो. "नाहीतर ही बाटली परत भरून तुमच्याकडेच येते," ते म्हणाले. काळं ऑइल त्यांनी डब्यात ओतून ठेवलं. पूर्वी ते सेंट्रिंगवाले प्लेटांना फासायला मागून न्यायचे. आता मिस्त्री ते अधिकृत गोळा करणाऱ्यालाच देतात, कारण हा घातक कचरा आहे आणि गटारात गेला तर पाण्याचं वाटोळं करतो.

लेव्हल बघायची काच इंजिनाच्या बुडाशी, आणि गाडी सरळ उभी असल्याशिवाय खरं कळत नाही. मी गाडी सरळ धरली आणि मिस्त्री जमिनीवर आडवे झाले. त्या अवस्थेत त्यांनी विचारलं, "साहेब, चालवता कुठे?"

"ऑफिसला. रविवारी सिंहगडच्या पायथ्याला, भजी खायला."

बराच वेळ खालून काही आवाज आला नाही.

मलाही वाटत होतं की आपल्याला एस्टरसारखं शर्यतीचं ऑइल म्हणजे चैनच. पण पुण्याची रहदारी ऑइलची जी परीक्षा घेते, ती सरळ हायवे घेत नाही. सिग्नलला किलोमीटरचा आकडा हलत नाही, पंखा फिरत राहतो, इंजिन धापा टाकतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल पुरतं तापत नाही, त्यातली पाण्याची वाफ आणि मिसळलेलं पेट्रोल उडून जात नाही. म्हणून सर्व्हिसच्या तक्त्यात किलोमीटरबरोबर महिनेही दिलेले असतात, जे आधी होईल ते. "माझी फार चाललेलीच नाही" म्हणून ऑइल न बदलणारे बहुतेक शहरातलेच.

तेव्हा माझा निकाल असा. कोइमतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर गाडी नेऊन जीव खाऊन पळवणार असाल, तर एस्टर घ्या आणि लवकर बदला. बाकी आपण, कर्वे रस्त्यावर रिक्षाच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगणारे, आपल्याला गट तिसरा की पाचवा हे हँडलवर बसून उभ्या आयुष्यात कळणार नाही. ग्रेड बरोबर हवा, बाइकला एमए-२ हवं, बाटली खरी हवी आणि तारीख पाळली पाहिजे. माझ्या गाडीला १५डब्ल्यू-५०, एमए-२ लागतं. हे कंपनीने छापून दिलेलं आहे. भाचा, शेजारचे काका, नाना पेठ आणि पार्किंगमधले गृहस्थ यांपैकी एकानेही ते छापील पान उघडलं नव्हतं. तुमच्याही गाडीचं पुस्तक बहुधा सीटखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पीयूसीच्या जुन्या कागदांबरोबर पडलेलं असेल. आज संध्याकाळी काढा. आणि कृपा करून त्यातलं ऑइलचं पान वाचून झाल्याशिवाय मला फोन करू नका.